वानोळा जेवणात धरत नाहीत

१९ जानेवारी

एका चहाचा खरा खर्च आज कळला. टपरीवर दहा रुपये, ते सोडा. दोन चमचे साखर आणि म्हशीचं दूध धरून कपामागं ऐंशी कॅलरी. मी दिवसाला अकरा कप पितो, कारण माझ्या वजनकाट्यावर येणारा ड्रायव्हर आधी चहाचं विचारतो आणि मग वजनाचं. म्हणजे आठशे ऐंशी. एवढं जाळायचं तर नारायणगावाहून ओझरला चालत जायचं, विघ्नहराला हात जोडायचे आणि चालतच परत यायचं. रोज. नुसत्या चहापायी. तेवीस वर्षं काटा चालवतोय, भरलेले ट्रक आणि रिकामे ट्रक मोजून केस पांढरे झाले, पण कपबशी मोजावी असं कधी मनात आलं नाही.

हे गणित पुण्याच्या हॉस्पिटलातल्या आहाराच्या मॅडमनी मांडून दिलं. बाई हळू बोलतात, त्यामुळं नीट ऐकावं लागतं. त्यांनी एक निळी वही दिली. जे जे जेवाल ते लिहा, आणि परक्या माणसाला कळेल असं लिहा, म्हणाल्या. ती वही त्यांची. ही डायरी खताच्या दुकानातून फुकट आलेली, ती माझी. हिच्यात पोटातलं लिहीन.

परक्याला कळेल असंच लिहायचं तर, माझी थोरली बहीण बानूबाई. मी तिला आक्का म्हणतो. अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगच्या पोरांची खानावळ चालवते. दाजी जाऊन नऊ वर्षं झाली. आक्कानं दारूचा थेंब कधी घेतला नाही, तरी तिचं लिव्हर गेलंय. डॉक्टर म्हणाले, चरबी साठत साठत ते आतून दगड झालंय, बदलावं लागेल. जिवंत माणसाचा तुकडा चालतो, तो पुन्हा वाढतो. रक्तगट जुळतो दोघांचा, माझा आणि आक्काच्या पोरीचा. राजनंदिनी बावीस वर्षांची आहे, तिचं लग्न मे महिन्यात ठरलंय. मी तिथंच सांगितलं, पोरीला टाचणीसुद्धा लावायची नाही, मी आहे.

मग माझं तपासलं. माझ्याही लिव्हरात चरबी, शंभरात अठ्ठावीस. दहाच्या आत आली तर घेऊ, म्हणाले. दोन मार्चला पुन्हा मशीनमध्ये घालणार. माझं वजन शहाण्णव.


२२ जानेवारी

चहा सोडून तीन दिवस. डोकं ठणकतंय. बायको, वृषाली, म्हणाली की चिडायचं असेल तर काट्यावर जाऊन चिडा.

एक मात्र झालंय. उपाशी माणसाला लांबचं ऐकू येतं. सकाळी धुकं इतकं होतं की केबिनमधून काट्याची कड दिसत नव्हती. नारायणगड तर पुसून टाकल्यासारखा. पण गाडी दिसायच्या आधी मला तिचा माल कळत होता. टोमॅटोची गाडी कुरकुरत येते. कांदा दबून बसलेला असतो, त्याचा आवाज घशातून निघतो. द्राक्षाची गाडी खड्डा चुकवत पाळण्यासारखी येते. डोळे मिटून बसलो होतो आणि बहिरूला सांगत होतो, आता कांदा, आता द्राक्षं. बहिरू माझ्याकडं वीस वर्षं पावत्या फाडतोय. तो म्हणाला, "शेठ, जेवा काहीतरी. खोडदच्या दुर्बिणीच्या छत्र्यांवानी आभाळातलं ऐकाया लागाल."


२९ जानेवारी

निळ्या वहीत आज लिहिलं : सकाळी मुगाचं धिरडं एक. दुपारी बाजरीची भाकरी एक, मटकीची उसळ, काकडी. संध्याकाळी हुलग्याचं माडगं. भात नाही, पोळी नाही, बिस्कीट नाही, साखर शून्य.

मॅडमनी फोनवर समजावलं की पिठूळ आणि गोड असं सगळंच एका जातीचं नसतं. साखर, मैदा, पांढरा भात हे पोटातून झपकन रक्तात उतरतात. बाजरी, मटकी, हुलगा यांना चोथा असतो, ते थांबत थांबत उतरतात. मला ते लगेच पटलं. काही गाड्या काट्यावरून पळवायची घाई करतात, काही गपचूप लाईनीत उभ्या राहतात. काटा खराब होतो तो घाईच्या गाड्यांनी.

आज कुंडलिकच्या बागेचा पहिला माल निघाला. कुंडलिक आणि मी एका वर्गात नापास झालो, तेव्हापासूनची दोस्ती. त्यानं रिवाजाप्रमाणं केबिनच्या खिडकीत वानोळा ठेवला, काळ्या लांब मण्यांचे दोन घड. धुक्यानं गार पडलेले, वर पांढरी लव तशीच. हंगाम सुरू झाला की माझ्या खिडकीत असे घड रोज येतात. ज्याची बाग निघते तो ठेवून जातो. पैशाची बात नाही. वानोळा परत पाठवणं म्हणजे त्या माणसाच्या वर्षभराच्या मेहनतीला नाव ठेवणं, आणि माझा धंदा या माणसांवर उभा आहे. मेंढ्यांमागं फिरणाऱ्याच्या पोराला या लोकांनी शेठ म्हटलं, ते काय उगीच?

मणी दातांत फुटला की इतका बारीक आवाज होतो. दोन्ही घड कधी संपले कळलं नाही. हे निळ्या वहीत नाही लिहिलं. वानोळा हा मान असतो, तो जेवणात धरत नाहीत. ओझरचा प्रसादही नाही धरला. फळ म्हणजे तसंही पाणीच.


५ फेब्रुवारी

दुपारी केबिनमध्ये डोळा लागला. स्वप्नात काट्यावर गाडी नव्हती, आमची मेंढरं उभी होती. दोनशे-अडीचशे मेंढरं एकमेकांना खेटून, आणि वजनाच्या आकड्याच्या जागी नुसतं धुकं. आक्का पलीकडच्या कडेला, सोळा वर्षांची. मी विचारतोय, आक्का, भरलेली की रिकामी? ती हसतेय.

जागा झालो तेव्हा खिडकीत चार घड होते. कोण ठेवून गेलं, बहिरूलाही आठवेना.

आक्का सोळा वर्षांची होती त्या वर्षी आम्ही मेंढरं घेऊन कोकणातून परत येत होतो. घोडेगावच्या पुढं एका खळ्यावर गव्हाची रास पडली होती. भर दुपारी मेंढरं त्या राशीत शिरली. संध्याकाळपर्यंत पोट फुगून अकरा मेंढरं गेली. राखणीला आम्ही दोघं होतो, मी सात वर्षांचा. आक्काचा डोळा लागला होता. बापानं तिला दाव्यानं मारलं. ती मेंढरं तिच्या लग्नासाठी विकायची होती, म्हणून लग्न वर्षभर पुढं गेलं. घरात हे असंच सांगतात.


१४ फेब्रुवारी

अवसरीला गेलो. आक्काच्या पोटात पाणी साचलंय, परवा काढलं. डोळे हळदीसारखे झालेत. तरी खुर्ची चुलीजवळ ओढून बसते आणि नंदिनीच्या हातून स्वयंपाक करून घेते. पोरं ताटं घेऊन रांगेत उभी. एक जण म्हणाला की आजी, भात वाढा. आक्का म्हणाली, आधी आमटीतली डाळ तळाशी ठेवलीस ती संपव, भात कुठं पळून चालला न्हाई.

तिला दोन घड दिले, वानोळ्यातलेच. तिनं हात लावला नाही, म्हणाली की मला आता काही गोड लागत न्हाई. मग मीच खाल्ले गाडीत परत येताना.

नंदिनी दारापर्यंत आली. म्हणाली, "मामा, तुमचं नाय जमलं तर मी हाय. मी पुण्याला जाऊन तपासून आले." मी तिला झापलं. लग्नाच्या मांडवात टाके घेऊन बसणार का? ती म्हणाली की होणाऱ्या नवऱ्याला सांगितलंय, तो काही म्हणाला नाही. मी म्हटलं की तो काही म्हणाला नाही तरी त्याची आई म्हणेल. ती दाराची कडी हलवत राहिली. माझ्या कानांनी तो आवाज नीट ऐकला. त्यात भीती होती.

शब्द देऊन आलोय. ह्या यमाजीनं शब्द दिला म्हणजे झालं.


२ मार्च

अठ्ठावीसचे पंचवीस झाले. बस्स.

वजन तीन किलोच उतरलं. सहा आठवडे मी चहाविना काढले, भाताकडं बघितलं नाही, लग्नातली जिलबी शेजाऱ्याच्या ताटात सरकवली. मी म्हटलं की मशीन बिघडलंय. हे म्हणताना मलाच लाज वाटली, कारण तेवीस वर्षं माझ्या काट्यावर येऊन हेच म्हणणाऱ्यांना मी हसत आलोय.

मॅडमनी निळी वही पहिल्या पानापासून वाचली. म्हणाल्या, यमाजीराव, वहीप्रमाणं खाल्लं असेल तर हे असं होत नाही. मी शपथ घेतली. त्यांनी वही मिटली आणि माझ्यापुढं सरकवली.

मोठे डॉक्टर स्पष्ट बोलले. आक्काला एप्रिलच्या पुढं नेता येणार नाही. तेरा एप्रिलला माझी शेवटची तपासणी. तोवर नसेल झालं तर पोरीचं घेऊ. तिची चरबी तीन आहे, सगळं तयार आहे.

परतताना गाडी मीच चालवली. मंचर कधी गेलं कळलं नाही. वाटत होतं की रस्ता खालून सरकतोय आणि मी एका जागी बसून आहे, वाढतही नाही, घटतही नाही.


४ मार्च

काल होळीची पुरणपोळी नाकारली आणि आज आक्कानं माझी अक्कल काढली.

आकडा सांगायला गेलो होतो. ती खाटेवर पडून ऐकत होती. मग म्हणाली की काय काय खातूस ते सांग. मी निळी वही तोंडपाठ म्हणून दाखवली. भाकरी, उसळ, माडगं.

"आन मधी दिवसभर?"

मी म्हटलं की मधे काही नाही, वानोळा येतो तेवढा.

"किती?"

मी मनाशी मोजलं. हंगाम भरात आहे. रोज किलोभर तरी होत असेल, जास्तच.

आक्कानं मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "वानोळ्याला काय प्वाट येगळं हाय का रं?"

पुढचं तिनं डोळे मिटूनच सांगितलं. मेंढरू दिवसभर गवत खातं, पोट टम्म होतं, तरी त्याला काही होत नाही. गवत चावावं लागतं, रवंथ करावं लागतं, त्याला वेळ जातो. पण दाण्यावर पडलं की चावायचं काम नाही, नुसतं गिळायचं. दाणा आत जाऊन आंबतो आणि तासाभरात पाय ताणतात. दाणा काही विष नव्हे. किती आणि कसा, ते विष. म्हणाली, तू तर डोळ्यानं बघितलंय, तुला मी काय सांगू.

बाहेर येऊन मॅडमना फोन लावला आणि सगळं ओकलो. त्या रागावल्या नाहीत. हिशोब करून सांगितला. किलोभर द्राक्षांत एकशे साठ ग्रॅम साखर, चार ग्रॅमचा चमचा धरला तर चाळीस चमचे. चहातले बावीस सोडले आणि फळातले चाळीस घेतले. मूठभर द्राक्षं कुणालाही चालतात, म्हणाल्या, पण टोपलीभर खाल्ली की त्यातली अर्धी साखर अशी असते की ती थेट लिव्हरात जाते आणि तिथं चरबी होऊन बसते. माणूस वरून वाळतो, आतून नाही.

आणि एक लिहायचं राहिलंय. ५ फेब्रुवारीला मी खोटं लिहिलं. त्या दुपारी झोपलो होतो मी. आक्का पाणी आणायला ओढ्यावर गेली होती, मेंढरं माझ्या भरवशावर होती. बापानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, माझा डोळा लागला. मी काही बोललो नाही. एकोणचाळीस वर्षं काही बोललो नाही.


८ मार्च

ठरवलं होतं की वानोळा घ्यायचा नाही. तीन दिवस जमलं. प्रत्येकाला सांगायचं, डॉक्टरनी मना केलंय. लोक ऐकून घेतात, म्हणतात बरं बरं, आणि घड खिडकीत ठेवूनच जातात. एक जण म्हणाला, शेठ, फळाला कुठला डॉक्टर नको म्हणतो?

आज सकाळी सावळेराम बाबा आले. पंच्याहत्तरी उलटली. गेल्या वर्षी गारपिटीनं त्यांची बाग झोडपून निघाली, यंदा अर्धा एकर तेवढी वाचली. स्वतः टेम्पोत बसून आले. घड हातात घेऊन खिडकीशी उभे राहिले, ठेवून गेले नाहीत. मी खाईपर्यंत उभे. "गोडी उतरली का बघा," म्हणाले. मी खाल्ला, आख्खा. काय करणार होतो? त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडं लागलेले. ते गेल्यावर बाकीचे तीन घडही खाल्ले, कारण एक खाल्ला म्हणजे आजचा दिवस गेलाच होता.

पस्तीस दिवस राहिले. हा काटा आपल्याच्यानं हलत नाही असं वाटायला लागलंय. नंदिनीला आज फोन केला नाही.


१० मार्च

काल एकही घड आला नाही. आज नाही. गाड्या येतात, वजन करतात, पावती घेतात, हसतात, जातात. कुंडलिकसुद्धा रिकाम्या हातानं आला आणि टोमॅटोच्या भावावर बोलून गेला. परवाचं सावळेराम बाबांचं कुणाला लागलं असेल का? की मी तीन दिवस नाही नाही म्हटलं त्याचा राग धरला? लोक बदलले, एवढं खरं. वीस वर्षांचा मान दोन दिवसांत आटला.

ही डायरी मी कपाटात कपड्यांखाली ठेवतो. काल ती टीव्हीवर सापडली. बहुतेक मीच ठेवली असेन, डोकं ठिकाणावर नाही.


२३ मार्च

वजन अठ्ठ्याऐंशी. विजारीला दोरी बांधली.

वृषालीनंही मनावर घेतलंय. रोज सकाळी सहाला चालायला जाते ती दहाला येते. येते तेव्हा तोंड रापलेलं, पाय सुजलेले. मी म्हटलं की एवढं चालू नये एकदम. ती म्हणाली, तुमच्या संगं मी पण. काल तिला घरच्या काट्यावर उभी केली. पंधरा दिवस रोज चार चार तास चालून दोनशे ग्रॅम उतरलेले नाहीत. मी तिला समजावलं की नुसतं चालून होत नाही, जिभेला लगाम लागतो, मनाचा निर्धार लागतो. माझं बघ. ती हो म्हणाली आणि पाय कोमट पाण्यात घालून बसली.


६ एप्रिल

आता भूक येते आणि ढगासारखी निघून जाते. तिच्यामागं फार पळावं लागत नाही. दुपारी केबिनमध्ये बसलं की सगळं हळू होतं. काट्यावर चढणारी गाडी, तिच्या सावलीचं पुढं सरकणं, आकडे थरथरून एका जागी थांबणं. भाकरीचा एक तुकडा मी बत्तीस वेळा चावतो आणि बाजरी आधी तुरट आणि मग शेवटी किंचित गोड लागते. ही गोडी इतकी वर्षं कुठं होती? मी तिच्या आधीच गिळत होतो.

काल अवसरीला गेलो होतो. आक्का फार वेळ झोपूनच असते. माझा हात धरते आणि मनगट बोटांत मावतं का बघते, जत्रेत बकरं चाचपावं तसं. खानावळीत पोरांच्या ताटात मूठ मूठ द्राक्षं होती. रोज असतात म्हणाली नंदिनी. यंदा भाव पडलेला दिसतो.


१३ एप्रिल

आठ.

शंभरात आठ. वजन चौऱ्याऐंशी. मॅडमनी खुर्चीवरून उठून हात मिळवला. मोठे डॉक्टर म्हणाले, असं फार थोड्यांना जमतं. बावीस तारीख दिली.

नंदिनीला फोन केला. पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मामा, जेवलात का?"

काट्यावर पेढे नाहीत, शेंगदाणे वाटले. ड्रायव्हर लोक गोळा झाले. मी त्यांना सांगितलं की माणसानं ठरवलं तर देवसुद्धा आडवा येत नाही. हा यमाजी मेंढ्यांमागून आला, काटा स्वतः उभा केला, बँकेनं दारात उभं केलं नव्हतं तेव्हा. आणि ही बारा किलोही स्वतःच उतरवली. कुणी टेकू दिला नाही, कुणी हात धरला नाही. घरात एक माणूस माझ्याबरोबरच सुरू झालं, रोज चार तास चालतंय, त्याला पाव किलो जमलं नाही. सगळे हसले. वृषाली डबा घेऊन आली होती, तीही हसली.


२१ एप्रिल, हॉस्पिटल

उद्या सकाळी सातला नेणार. आज संध्याकाळी पाच मिनिटं आक्काच्या खोलीत सोडलं. ती पिवळ्या पानासारखी पडलेली, पण डोळ्यांत जाग होती. कागदावर सह्या करून झाल्या होत्या, बोलायचं काही उरलं नव्हतं. खिडकीतून पुण्याचे दिवे दिसत होते आणि मला ते मेंढरांच्या वाड्यावरच्या शेकोट्यांसारखे वाटत होते, कोकणातून येताना डोंगरावरून दिसायच्या तशा.

मी म्हटलं, "आक्का, त्या दुपारी खळ्यावं झोपलो व्हतो मी."

ती म्हणाली, "मला ठावं हाय. तोंडावं ऊन येत व्हतं तुझ्या, मीच पटका टाकून गेले व्हते."

नर्स आली आणि मला उठवून घेऊन गेली.


१२ मे

परवा घरी आलो. पोटावर मोठी शिवण आहे, हसलं की ओढते. आक्का अजून पुण्यातच, हॉस्पिटलजवळच्या खोलीत, नंदिनी संगं आहे. डोळ्यांतली हळद उतरलीय. काल फोनवर तिनं वृषालीला आमटीला फोडणी कशी द्यायची ते पुन्हा एकदा सांगितलं. म्हणजे बरी आहे. लग्न ठरल्या तारखेलाच, अठ्ठावीसला.

मी अंगणात खाटेवर पडून असतो. आंब्याची सावली पायावरून गुडघ्यावर येते तोवर दुपार होते. कान अजून तसेच आहेत. हायवेवरची गाडी ऐकू येते, माल कळतो, पण सांगायला बहिरू नाही.

आज कुंडलिक आला. खाटेच्या कडेला टेकला, मग माझ्या पोटाकडं बघून म्हणाला, दाखव. दाखवलं. मग इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मनात होतं ते मी विचारलं. एवढ्या वर्षांचा वानोळा ऐन हंगामात बंद का केलात? माझं काय चुकलं होतं?

तो चकित झाला. म्हणाला, "बंद कुनी केला? मी तर रोज आणत व्हतो. समदेच आणत व्हते. फाट्यावं वहिनी क्रेट घेऊन उभ्या असायच्या, तिथंच उतरवून घ्यायच्या. म्हनायच्या, मान पोचला, आता खिडकीत ठेवू नगा. आन तुला सांगायचं न्हाई, अशी शपत घातली व्हती." मग त्याच्या ध्यानात आलं की शपथ मोडली, आणि तो चहा न घेताच उठला.

नऊ मार्चपासून चाळीस दिवस, सकाळी सहा ते दहा, वृषाली फाट्यावर उभी होती. चालायला ती एकदाही गेली नव्हती.